सेब्राइट बँटम

इंग्लंडमधील बुटक्या कोंबड्यांची एक जुनी जात. ती मांसासाठी किंवा अंड्यांसाठी नव्हे, तर प्रदर्शनासाठी घडवली गेली. कोंबड्याचे वजन सुमारे ६०० ग्रॅम असते, कोंबडीचे त्याहून थोडे कमी. जात मुळातच बुटकी असून तिचा थोराड प्रकार नाही. सोनेरी आणि रुपेरी हे तिचे दोन जुने रंगप्रकार. प्रत्येक पिसाला हिरवट चमक असलेली काळी, एकसारख्या रुंदीची बारीक किनार हवी आणि ती गळ्यापासून शेपटीपर्यंत कुठेही तुटता कामा नये. छाती पुढे काढलेली, पाठ आखूड, पंख खाली झुकलेले, पाय निळसर राखी, तुरा गुलाबतुरा म्हणतात तसा रुंद, दाणेदार व मागे टोकदार.

हर्टफर्डशर परगण्यातील बीचवुडचे जमीनदार आणि संसद सदस्य सर जॉन सॉन्डर्स सेब्राइट (१७६७–१८४६) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही जात तयार केली. नानकिन बँटम व पोलिश या कोंबड्यांचा तीत अंश असावा, असे मानले जाते. १८१० च्या सुमारास तिच्यासाठी मंडळ निघाले. एकाच जातीला वाहिलेले कोंबडीपालकांचे हे पहिले मंडळ समजले जाते. त्याचे सभासद लंडनमध्ये ग्रेज इन कॉफी हाउसमध्ये पक्षी घेऊन जमत. अमेरिकी कुक्कुट संघटनेच्या १८७४ च्या पहिल्या मानकग्रंथात दोन्ही रंगप्रकारांना स्थान मिळाले.

या जातीचे खरे वैशिष्ट्य कोंबड्यात आहे. त्याच्या मानेवर आणि कमरेवर लांब टोकदार पिसे नसतात, शेपटीत कोयत्यासारखे बाकदार तुरेही नसतात. त्याची पिसे कोंबडीसारखीच गोलसर असतात. अमेरिकी आनुवंशिकीतज्ज्ञ टी. एच. मॉर्गन यांनी १९१९ मध्ये दाखवून दिले की, अशा कोंबड्याचे वृषण काढले की नवी पिसे नराची येतात. पुढे कारण उलगडले : अ‍ॅरोमॅटेज हे विकर एरवी बीजांडकोशात असते, ते या जातीच्या त्वचेतही तयार होते व नरसंप्रेरकाचे स्त्रीसंप्रेरकात रूपांतर करते. कोंबडीसारख्या पिसांचा हा गुण प्रभावी असल्याने संकरातही टिकतो.

प्रजनन हीच या जातीची दुखरी बाजू. नर कमी फलनक्षम, पिल्ले नाजूक. गुलाबतुऱ्याचे जनुक आईबाप दोघांकडून आले की नराच्या शुक्रजंतूंची हालचाल मंदावते, आणि शुद्ध सेब्राइटमध्ये ते बहुधा दोघांकडूनच येते. त्यात लहान कळपातील जवळच्या नात्यातली पैदास. सेब्राइट यांनी निसर्गशास्त्रज्ञ सर जोझेफ बँक्स यांना लिहिलेल्या १८०९ च्या पत्रपुस्तिकेत, सतत नात्यात जोडी लावल्याने आपल्या कोंबड्या प्रजननाला निकामी झाल्याचे नमूद केले आहे. डार्विनने त्यांच्या या अनुभवाचा आधार घेतला. जात सांभाळणाऱ्या अनेकांनी मात्र तो मनावर घेतला नाही, हे दुर्दैव. जुने जाणकार शेपटीत किंचित बाक असलेला कोंबडा पैदाशीसाठी मुद्दाम ठेवत, कारण तो अधिक फलनक्षम समजला जाई. पिंजऱ्यात त्याला बक्षीस मिळणार नाही, पण वंश त्याच्यामुळे चालतो.

एका कोंबड्यामागे दोन-तीन कोंबड्या ठेवतात. कोंबडी सहसा खुडूक होत नाही. म्हणून अंडी दुसऱ्या जातीच्या कोंबडीखाली रवणीला घालतात किंवा उबवणी यंत्रात ठेवतात. पिल्ले सुमारे २० दिवसांत बाहेर येतात. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते. पुढे ती आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवतात. ओल अजिबात चालत नाही. मरेक रोगाला ही जात लवकर बळी पडते, त्यामुळे पहिल्याच दिवशी लस टोचणे आवश्यक असते. पक्षी चांगले उडतात. आवाराला वरून जाळी हवी.

पिल्लाच्या पहिल्या पिसांवरून किनार कशी येईल ते कळत नाही. घाईने छाटणी करणारा पालक चांगले पक्षी गमावतो. रुपेरी रंग कोंबडीत लिंगसंलग्न व प्रभावी आहे. सोनेरीशी मिसळलेल्या रुपेरी नरांवर पिवळट झाक येते, म्हणून दोन्ही वाण वेगळे राखतात. प्रदर्शनाआधी पक्ष्यांना कडक उन्हापासून जपतात आणि पिंजऱ्याची व माणसाच्या हाताची सवय लावतात.

नव्याने पाळू इच्छिणाऱ्याने कोंबड्याची बक्षिसे पाहण्याआधी, गेल्या हंगामात त्याच्या किती अंड्यांतून पिल्ले निघाली आणि त्यांतली किती जगली, हे विचारावे.