शिपायांनी गादीवर बसविलेला फोकास

इतिहासकारांनी फोकासला राक्षस ठरवून त्याची वासलात लावली आहे. तो क्रूर होता, यात वाद नाही. पण कारखान्याच्या दारावर ज्याची हयात गेली, अशा माझ्यासारख्याला प्रश्न पडतो तो निराळा. त्याला ढालीवर उचलून धरणारे हात कोणाचे होते?

ते डॅन्यूब नदीवरच्या शिपायांचे. पश्चिमेकडचे रोमन राज्य तोवर बुडाले होते. पूर्वेचे कॉन्स्टँटिनोपलहून चालत होते. तिथला बादशहा मॉरिस कर्तबगार खरा, पण खजिना रिता. ५८८ साली त्याने सैन्याचा पगार चतुर्थांशाने कापताच पूर्व सरहद्दीवर बंड झाले. पुढे आवारांच्या खानाने पकडलेल्या हजारो कैद्यांची खंडणी भरण्याचे त्याने नाकारले. ते सारे कापले गेले. अखेर ६०२ साली हुकूम सुटला, की सैन्याने हिवाळा नदीपलीकडे, शत्रूच्या मुलखात काढावा. म्हणजे रसद सरकारने पुरवायची नाही, शिपायांनी ती लुटून मिळवायची! असा हुकूम ५९३ सालीही निघाला होता, आणि तेव्हाही छावणीत खळबळ उडाली होती. काटकसरीच्या असल्या युक्त्या कागदावर फार सुरेख दिसतात.

शिपायांनी फोकास नावाच्या कनिष्ठ अधिकाऱ्याला पुढारी केले. ध्यानात घ्या, त्याला बादशहा करावे असे त्यांच्या मनात प्रथम नव्हते. मॉरिसचा मुलगा थिओडोसियस, नाहीतर त्या मुलाचा सासरा जर्मानस, यांपैकी कोणीतरी गादीवर बसावे, असा निरोप त्यांनी धाडला होता. पण राजधानीत दंगल उसळली, मॉरिस पळाला, आणि २३ नोव्हेंबर ६०२ रोजी मुकुट फोकासच्या डोक्यावर चढला. चारच दिवसांनी मॉरिसच्या डोळ्यांदेखत त्याचे पाच मुलगे मारले गेले, मग तो.

पगाराची नि रसदीची घडी पुन्हा कशी बसवायची, याची योजना मात्र शिपायांपाशीही दिसत नाही, फोकासपाशीही नाही. मॉरिसच्या सुडाचे निमित्त करून इराणचा खुस्रो ६०३ साली चालून आला, आणि लढाई वर्षानुवर्षे चालली. ऑक्टोबर ६१० मध्ये कार्थेजकडून आलेला हेराक्लियस आरमारासह राजधानीपुढे उभा राहिला. राज्य असे चालविलेस काय, असे त्याने विचारले, तेव्हा तू याहून बरे चालवशील काय, असा फोकासने उलट सवाल केला म्हणतात. मग त्याचे डोके उडविले.

पुढे हेराक्लियसने फौजेची मोजदाद केली, तेव्हा त्या बंडातले अवघे दोन शिपाई हयात आढळले, असे त्या काळचा बखरकार थिओफिलॅक्ट लिहितो. आकड्यात अतिशयोक्ती असेल. त्या दोघांची नावे त्याने दिलेली नाहीत.