हिची जोडीदार कोणती?
१९८८ साली अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी स्वस्त डिस्कचे संच वापरण्याची ‘रेड’ पद्धत मांडली. तिच्या ५ पातळ्यांपैकी पहिली आरशासारखी: एका डिस्कवरची सगळी माहिती दुसरीवरही जशीच्या तशी. टँडम कंपनीच्या संगणकांत ही युक्ती १९७०च्या दशकातच आली होती.

समजा, आपल्याकडे ८ डिस्कच्या ४ जोड्या आहेत आणि एक डिस्क बिघडली. उरलेल्या ७ पैकी एखादी चुकून काढली, तर? ६ वेळा निभावते. सातवी तिचीच जोडीदार असते, आणि दोन्ही प्रती जातात. जोडीदार शेजारच्याच खणात असेल असेही नाही. म्हणून आपण नियंत्रकाच्या नोंदीतला अनुक्रमांक डिस्कवरच्या क्रमांकाशी आधी ताडून पाहतो, मगच डिस्कला हात लावतो.