३५ डॉलरचा लोगो आणि आपल्याकडचं ‘फुकट डिझाइन’

“डिझाइनचे वेगळे पैसे कशाला? ते बॅनरबरोबरच येतं ना!” फ्लेक्सच्या कुठल्याही दुकानात तासभर उभं राहा, हे वाक्य कानावर पडतंच. गिऱ्हाईक लबाड असतं असं नाही. या सवयीमागे इतिहास आहे.

पूर्वी दुकानाची पाटी पेंटर रंगवायचा. मांडणी त्याची, अक्षर त्याचं, हातही त्याचाच. मजुरीत सगळं यायचं. मग फ्लेक्स आला. छपाई मशीन करू लागलं, भाव चौरस फुटावर ठरला आणि कॉम्प्युटरपुढे डोकं चालवणाऱ्या पोराचे पैसे हिशेबातून गायबच झाले. आमच्या छोट्या वर्तमानपत्रांतही ‘जाहिरात द्या, डिझाइन मोफत’ हेच चालत आलंय.

मग भाव ठरवायचा कसा? जुनी उदाहरणं बघू.

१९७१ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीनं नायकीचा लोगो काढला. तासाला २ डॉलर, एकूण बिल ३५ डॉलर. कंपनी मोठी झाल्यावर १९८३ मध्ये तिला अंगठी आणि शेअर दिले. चांगलंच केलं. पण ती मालकाची मर्जी होती, तिचा हक्क नव्हे.

याउलट १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्सच्या ‘नेक्स्ट’ कंपनीसाठी पॉल रँडनी लोगोचे १ लाख डॉलर घेतले. जॉब्सनी चार पर्याय मागितले, तर रँडनी नाही म्हणून सांगितलं. देईन ते एकच. वापरा नाहीतर नका वापरू, पैसे मात्र द्यायचे. आयबीएमचा लोगो त्यांनीच केलेला, म्हणून हा ताठा चालला.

तिसरा मार्ग स्पर्धेचा. आपल्या रुपयाचं चिन्ह तसंच आलं. ३ हजारांवर प्रवेशिका आल्या. २०१० मध्ये आयआयटी मुंबईच्या डी. उदय कुमार यांचं चिन्ह निवडलं गेलं, बक्षीस अडीच लाख. देशाच्या चिन्हासाठी हे ठीक. पण गावातली पतसंस्थाही चार पोरांकडून नमुने मागवते आणि पैसे एकालाच देते, तेव्हा तिघांची मेहनत फुकट जाते.

माझं म्हणणं एवढंच की भाव नुसत्या तासांवर ठरवू नका, वापरावर ठरवा. एका दिवसाच्या वाढदिवसाच्या बॅनरचा आणि दूध डेअरीच्या पिशवीवर वर्षानुवर्षं छापल्या जाणाऱ्या चिन्हाचा दर एक कसा असेल? दुरुस्त्या किती वेळा, आगाऊ रक्कम किती, हे सुरुवातीलाच लिहून घ्या. साधा व्हॉट्सॲप मेसेजही नसण्यापेक्षा बरा. कॉपीराइट द्यायचा असेल तर मात्र सही केलेला कागदच लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो.

आणखी एक. उद्यम नोंदणी करून ठेवा. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानुसार अशा नोंदणीकृत व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ.

निवडणुका आल्या की रात्र रात्र जागून बॅनर करणारी पोरं आपलीच आहेत. पुढच्या वेळी घासाघीस जरूर करा, पण बिलात डिझाइनची एक ओळ वेगळी असू द्या.