‘पर्चेस’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थेतिहास : शिकारीपासून खरेदीपर्यंत

प्रस्तावना

शब्दाचा आजचा अर्थ जुन्या दस्तऐवजावर लादला गेल्यास इतिहासाचे वाचन सदोष होते. ‘पर्चेस’ हे इंग्रजी क्रियापद याचे उत्तम उदाहरण होय. मराठीत त्याचा अनुवाद ‘खरेदी करणे’ असा केला जातो. आधुनिक व्यवहारापुरता तो योग्यच आहे. तथापि जुन्या सनदांचे वाचन करताना तो अपुरा पडतो. प्रस्तुत लेखात या क्रियापदाची व्युत्पत्ती, त्याचा कायद्यातील अर्थ आणि मुंबईच्या इतिहासाशी असलेला त्याचा संबंध यांचा विचार केला आहे.

व्युत्पत्ती

विकत घेण्यासाठी इंग्रजीत ‘बाय’ हे देशी क्रियापद प्राचीन काळापासून होते. ‘पर्चेस’ हा शब्द मात्र नॉर्मन विजयानंतर (इ. स. १०६६) इंग्लंडमध्ये रुजलेल्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला. जुन्या फ्रेंचमधील मूळ क्रियापदाचा अर्थ ‘पाठलाग करणे, मिळवण्यासाठी धडपडणे’ असा होता. ‘चेस’ (पाठलाग करणे) आणि ‘कॅच’ (पकडणे) हे त्याचेच सहोदर शब्द होत. म्हणजेच या शब्दाच्या मुळाशी बाजारपेठ नसून शिकार आहे. पैसे देऊन घेणे हा अर्थ चौदाव्या शतकापासून आढळत असला, तरी जुने अर्थ त्यानंतरही टिकून राहिले. सोळाव्या-सतराव्या शतकांत समुद्रावर लुटून मिळवलेल्या मालालाही ‘पर्चेस’ म्हणत. शेक्सपिअरच्या ‘हेन्री पाचवा’ या नाटकात तर चोरीच्या मालासाठीही हा शब्द उपरोधाने योजलेला आहे.

कायद्यातील अर्थ

इंग्रजी भूमिकायद्यात जमीन प्राप्त होण्याचे दोनच मार्ग मानले जात : वारसा आणि ‘पर्चेस’. वारशाने न आलेली प्रत्येक प्राप्ती दुसऱ्या प्रकारात मोडे. त्यामुळे दानाने किंवा मृत्युपत्राने जमीन मिळालेला मनुष्य, त्याने एक कवडीही मोजलेली नसली, तरी कायद्याच्या दृष्टीने ‘पर्चेसर’ ठरे. १८३३ च्या इंग्रजी वारसा कायद्यातही हीच व्याख्या कायम होती. अठराव्या शतकातील विधिज्ञ ब्लॅकस्टोन याने तर असे दाखवून दिले, की सरंजामी कायद्यात याच प्रकारच्या प्राप्तीला ‘काँक्वेस्ट’ म्हणत. आज ज्याचा अर्थ केवळ ‘विजय’ असा होतो, तो शब्दही एकेकाळी वारशाविना झालेल्या संपादनाचा वाचक होता.

मुंबईच्या इतिहासाच्या संदर्भात

३१ डिसेंबर १६०० रोजी राणी एलिझाबेथने ईस्ट इंडिया कंपनीला दिलेल्या सनदेत जमिनी, विशेषाधिकार व अधिकारक्षेत्रे धारण करण्याच्या क्षमतेसोबत ‘पर्चेस’ करण्याची क्षमताही नमूद आहे. येथे ‘खरेदी’ हा अर्थ घेतल्यास व्यापाऱ्यांना जमीन विकत घेण्याची परवानगी मिळाली, एवढाच बोध होतो. वस्तुतः कोणत्याही विधिसंमत मार्गाने संपादन करण्याची ती क्षमता होती. मात्र यावरून ही सनद म्हणजे राज्य जिंकण्याचा परवाना होता, असे अनुमान काढणेही तितकेच चुकीचे ठरेल. कारण अशी शब्दयोजना त्या काळच्या निगमांच्या सनदांत रूढ होती.

मुंबईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १६६१ च्या विवाह करारानुसार पोर्तुगालने मुंबई दुसऱ्या चार्ल्सला आंदण दिली. १६६८ मध्ये त्याने ती वार्षिक दहा पौंड खंडाने कंपनीकडे सोपवली. यांपैकी एकही व्यवहार आजच्या अर्थाने खरेदी नव्हता. तथापि कंपनीकडे मुंबई वारशाने आलेली नव्हती. त्यामुळे तिची प्राप्ती जुन्या कायद्याच्या परिभाषेत ‘पर्चेस’ याच सदरात मोडते.

समारोप

‘पर्चेस’ या क्रियापदाचा प्रवास पाठलागाकडून प्राप्तीकडे आणि प्राप्तीकडून मूल्य देऊन घेण्याकडे झाला. बाजारव्यवहार हाच संपादनाचा मुख्य मार्ग बनत गेला, तसतसे शब्दाचे इतर अर्थ मागे पडले. मराठी अभ्यासकाने अशा दस्तऐवजांत ‘खरेदी’ऐवजी ‘संपादन करणे’ हा पर्याय योजणे अधिक युक्त होय. ‘खरेदी’ म्हटले, की आपल्यासमोर खरेदीखत, किंमत आणि राजीखुशीने विकणारा मनुष्य उभा राहतो. या तिन्ही गोष्टी मूळ शब्दात गृहीत नाहीत. संपादन नेमके कशाच्या बळावर झाले, हा प्रश्न अनुवादानेच मिटवून टाकू नये, इतकी दक्षता इतिहासलेखनात आवश्यक आहे.