मराठवाड्यातील बिअर

मराठवाड्यातील बिअर हा महाराष्ट्राच्या मद्यव्यवहाराचा एक भाग असून त्यात मोठ्या कारखान्यांत तयार होणारी स्वस्त औद्योगिक बिअर आणि लहान प्रमाणावर बनवली जाणारी क्राफ्ट बिअर असे दोन प्रवाह दिसतात. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे राज्यातील बिअर उत्पादनाचे एक प्रमुख केंद्र आहे. क्राफ्ट बिअर मात्र मुख्यतः पुणे आणि मुंबई या महानगरांभोवती वाढली. त्यामुळे नांदेड व लातूर यांसारख्या शहरांत बिअरची निवड बहुतांशी बाटलीबंद किंवा कॅनमधील लागर बिअरपुरती मर्यादित राहते. बिअरची आवड ही वैयक्तिक बाब मानली जात असली, तरी ती घडण्यात कर, परवाने, वाहतूक, हवामान आणि पाणी यांचा मोठा वाटा असतो.

व्याख्या आणि प्रकार

सातू (जव) भिजवून, मोड आणून व वाळवून माल्ट तयार करतात. नाचणीचे सत्त्व करताना धान्य भिजवून मोड आणण्याची जी रीत घरोघरी वापरतात, तिच्याशी या प्रक्रियेचे साम्य आहे. मोड आल्यामुळे धान्यात विकरे तयार होतात. माल्ट भरडून गरम पाण्यात ठेवल्यावर ही विकरे त्यातील पिष्टाचे शर्करेत रूपांतर करतात. हा गोड अर्क हॉप या वेलीच्या फुलांसह उकळला जातो. त्यामुळे बिअरला कडवटपणा येतो. अर्क थंड झाल्यावर त्यात यीस्ट मिसळून तो आंबवतात.

आंबवण्याच्या पद्धतीनुसार बिअरचे लागर आणि एल असे दोन मुख्य वर्ग पडतात. लागर साधारण ७ ते १३ अंश सेल्सियस तापमानाला आंबवून पुढे थंड जागी मुरवली जाते. तिची चव स्वच्छ व सौम्य असते. एल साधारण १५ ते २४ अंश सेल्सियसला आंबते आणि तिच्यात यीस्टमुळे फळांसारखे किंवा मसाल्यासारखे गंध उतरतात. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला येणारा केळ्याचा वास केळ्यापासून येत नाही. तो यीस्टने निर्माण केलेल्या आयसोअमाइल ॲसिटेट या संयुगाचा असतो. त्याच बिअरमधील लवंगेचा वासही यीस्टमुळेच येतो.

‘क्राफ्ट बिअर’ ही संज्ञा लहान प्रमाणावर बनवलेल्या बिअरसाठी वापरली जाते. ज्या ठिकाणी बिअर बनते त्याच ठिकाणी ती विकणाऱ्या व्यवसायाला ‘मायक्रोब्रुअरी’ म्हणतात आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग त्यासाठी वेगळा परवाना देतो. २०१५ साली बाजारात आलेल्या बिरा ९१ सारख्या छापांमुळे ही सीमारेषा पुसट झाली. सुरुवातीला बेल्जियममध्ये बनवून आयात केलेली ही बिअर क्राफ्ट शैलीची म्हणून विकली गेली आणि पुढे भारतातील कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर बनू लागली.

इतिहास

मराठवाडा १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग होता. संस्थानाच्या महसुलात अबकारीचा वाटा मोठा होता. या भागातील प्रचलित मादक पेय शिंदी हे होते. तेलंगणाच्या सीमेलगतच्या धर्माबाद, बिलोली व देगलूर या तालुक्यांचा शेजारच्या शिंदी-ताडीच्या परंपरेशी भौगोलिक संबंध आहे. बिअर ब्रिटिश छावण्यांच्या मार्गाने भारतात आली. इंग्लंडहून जहाजाने येणाऱ्या, हॉपचे प्रमाण अधिक असलेल्या फिकट बिअरला ‘इंडिया पेल एल’ हे नाव मिळाले. एकोणिसाव्या शतकात कसौली येथे देशी उत्पादन सुरू झाले. दक्षिणेतील पाच ब्रुअरी एकत्र करून १९१५ मध्ये युनायटेड ब्रुअरीज ही कंपनी स्थापन झाली.

मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ मध्ये संमत झाला. १९५६ साली मराठवाडा तत्कालीन द्विभाषिक मुंबई राज्यात आल्यानंतर १९५९च्या अधिनियमाने हा कायदा राज्याच्या उर्वरित भागालाही लागू करण्यात आला. पुढे दारूबंदी शिथिल झाली, पण कायद्याची चौकट कायम राहिली. आजही महाराष्ट्रात मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी परवान्याची तरतूद आहे. ‘परमिट रूम’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला.

औद्योगिक बिअर

छत्रपती संभाजीनगर परिसरातील औद्योगिक वसाहतींमध्ये विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतर मोठ्या ब्रुअरी उभ्या राहिल्या. ऑस्ट्रेलियन फॉस्टर्स बिअरचे भारतातील उत्पादन येथे होत असे. युनायटेड ब्रुअरीज, कार्ल्सबर्ग आणि अॅनहायझर-बुश इनबेव या कंपन्यांचे उत्पादन या परिसरात होते. या वसाहतींना पैठण येथील जायकवाडी प्रकल्पाचे पाणी मिळते.

भारतीय बाजारात जास्त अल्कोहोल असलेल्या ‘स्ट्राँग’ बिअरचे वर्चस्व आहे. हेवर्ड्स ५००० आणि १९९९ मध्ये आलेली किंगफिशर स्ट्राँग ही तिची ठळक उदाहरणे होत. या बिअरमध्ये अल्कोहोलचे प्रमाण ५ टक्क्यांहून अधिक, कमाल ८ टक्क्यांपर्यंत असते. कडवटपणा कमी ठेवलेला असतो. माल्टसोबत तांदूळ, मका किंवा साखर वापरल्याने खर्च कमी होतो आणि चव हलकी राहते.

या पसंतीमागील आर्थिक हिशेब साध्या आकडेमोडीतून स्पष्ट होतो. ५ टक्के अल्कोहोल असलेल्या ३३० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे १३ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ८ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बाटलीत ते सुमारे ४१ ग्रॅम असते. म्हणजे स्ट्राँग बिअरची एक मोठी बाटली सौम्य बिअरच्या तीन लहान बाटल्यांच्या बरोबरीची ठरते. ४२.८ टक्के तीव्रतेच्या व्हिस्कीच्या १८० मिलिलिटरमध्ये, म्हणजे एका ‘क्वार्टर’मध्ये, सुमारे ६१ ग्रॅम अल्कोहोल असते. ज्या ग्राहकाचे लक्ष नशेच्या खर्चाकडे असते त्याच्यासाठी स्ट्राँग बिअरची खरी स्पर्धा या क्वार्टरशी असते. क्राफ्ट बिअर या हिशेबात बसत नाही.

क्राफ्ट बिअर

महाराष्ट्रातील पहिली मायक्रोब्रुअरी डूलाली ही २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली. सुकेतू तळेकर व प्रतीक चतुर्वेदी हे तिचे संस्थापक होत. तिचे नाव नाशिकजवळील देवळालीवरून पडले आहे. ब्रिटिश काळात देवळालीच्या लष्करी छावणीत मायदेशी परतणारे सैनिक जहाजाची वाट पाहत थांबत आणि त्या रेंगाळण्यातून ‘वेडसर’ या अर्थाने ‘डूलाली’ हा शब्द इंग्रजी बोलीत रूढ झाला. २०१४ मध्ये पुण्यातच इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी सुरू झाली. त्यानंतर पुणे व मुंबईत अनेक मायक्रोब्रुअरी निघाल्या. कोकम व आंबा यांसारख्या स्थानिक पदार्थांचाही वापर होऊ लागला. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये धणे व संत्र्याची साल घालतात. भारतीय ग्राहकाला ती लवकर रुचण्यामागे हे ओळखीचे गंध असल्याचे मानले जाते.

मराठवाड्यात ही बिअर सहज न पोहोचण्याची कारणे तांत्रिकही आहेत. मायक्रोब्रुअरीतील बिअर सहसा पाश्चरीकृत नसते. ती थंड ठेवावी लागते आणि थोड्या काळात संपवावी लागते. उष्णतेत बिअरचे ऑक्सिडीकरण वेगाने होऊन तिला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो. नांदेडचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो आणि पुण्याहून तेथील रस्त्याचे अंतर सुमारे ४५० किलोमीटर आहे. त्यामुळे अखंड शीतसाखळीशिवाय अशी बिअर चांगल्या स्थितीत पोहोचणे कठीण असते. २०२० मधील टाळेबंदीच्या काळात राज्यात मायक्रोब्रुअरींना ‘ग्राउलर’मध्ये भरून ताजी बिअर विकण्याची मुभा मिळाली. तिचा उपयोग मात्र ब्रुअरीच्या आसपास राहणाऱ्या ग्राहकांनाच झाला.

चव आणि आवडनिवड

बिअरची आवड जिभेवर किती आणि नावावर किती अवलंबून असते, यावर प्रयोग झाले आहेत. राल्फ ॲलिसन आणि केनेथ उल यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील प्रयोगात नियमित बिअर पिणाऱ्यांना आधी लेबल काढलेल्या बाटल्या देण्यात आल्या. त्यातून त्यांना आपला नेहमीचा छाप सामान्यतः ओळखता आला नाही. लेबल लावलेल्या बाटल्या दिल्यावर मात्र आपापल्या छापाला त्यांनी अधिक गुण दिले. २००६ मध्ये लिओनार्ड ली, शेन फ्रेडरिक आणि डॅन अरिएली यांनी बिअरमध्ये बाल्समिक व्हिनेगरचे काही थेंब घालून प्रयोग केला. ज्यांना हे पिण्याआधी सांगितले त्यांना ती बिअर कमी आवडली. ज्यांना पिऊन झाल्यावर सांगितले त्यांच्या मतावर विशेष परिणाम झाला नाही.

या प्रयोगांचा अर्थ सर्व बिअर सारख्याच असतात असा होत नाही. हलक्या लागर बिअरच्या दोन छापांतील फरक सूक्ष्म असतो, परंतु लागर आणि हॉपयुक्त एल यांतील फरक सहज जाणवतो. तापमानाचाही परिणाम होतो. अतिशय थंड पेयाचा गंध कमी जाणवतो, त्यामुळे औद्योगिक लागर बर्फासारखी थंड असताना अधिक चांगली वाटते. उष्ण हवामानात, खारे शेंगदाणे किंवा तिखट चखण्यासोबत ती पिणाऱ्याला गंधापेक्षा गारवा महत्त्वाचा वाटणे स्वाभाविक आहे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी १९७९ मधील आपल्या ग्रंथात रुची हे सामाजिक स्थानाचे चिन्ह असल्याचे मांडले. क्राफ्ट बिअरच्या संदर्भात ही मांडणी लागू पडते. नोकरी वा शिक्षणासाठी नांदेड-लातूरहून पुण्यात गेलेल्या तरुणाला या बिअरची ओळख बहुधा तेथेच होते. तिची आवड ही चवीबरोबरच नव्या शहरी जीवनाचीही खूण ठरते. उलट स्वस्त बिअर पसंत करणाऱ्याला चव कळत नाही असे म्हणणे योग्य नाही, कारण त्याच्यासमोर दुसरा पर्याय आलेलाच नसतो.

कायदा आणि कर

महाराष्ट्रात बिअरवरील उत्पादन शुल्क अल्कोहोलच्या प्रमाणानुसार वेगवेगळे आहे. किरकोळ विक्री ‘बिअर शॉपी’, वाइन शॉप आणि परमिट रूममधून होते. बिअरचा खप व महसूल घटल्याच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने ऑक्टोबर २०२३ मध्ये शुल्करचनेचा विचार करण्यासाठी अभ्यासगट नेमला. जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरील शुल्क वाढवण्यात आले, तेव्हा बिअर व वाइन त्यातून वगळण्यात आल्या. मोटार वाहन कायद्यानुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळणे हा गुन्हा आहे. ही मर्यादा बिअरलाही तितकीच लागू होते.

पाण्याचा प्रश्न

बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. याशिवाय धुणे, तापवणे व थंड करणे यांसाठीही पाणी लागते. आधुनिक मोठ्या ब्रुअरीत एक लिटर बिअरमागे साधारण ३ ते ४ लिटर पाणी वापरले जाते. लहान ब्रुअरीत हे प्रमाण बहुधा याहून जास्त असते. त्यामुळे लहान उत्पादन म्हणजे पाण्याची बचत असे समीकरण मांडता येत नाही.

२०१६च्या दुष्काळात हा प्रश्न तीव्र झाला. मांजरा प्रकल्प कोरडा पडल्याने लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात आधी ५० आणि पुढे ६० टक्के कपात करण्याचे आदेश दिले. इतर उद्योगांसाठी हे प्रमाण २० व २५ टक्के होते. पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम द्यावा, ही कपातीच्या समर्थकांची भूमिका होती. उद्योगांचा एकूण पाणीवापर शेतीच्या तुलनेत अल्प असून कपातीने रोजगार व महसूल बुडेल, असा उद्योगांच्या बाजूने युक्तिवाद केला जात होता.

सामाजिक दृष्टिकोन

मराठवाड्यातील मोठ्या समाजघटकांत मद्यपान निषिद्ध मानले जाते. वारकरी संप्रदायात माळकरी मद्य वर्ज्य मानतात. नांदेड हे तख्त सचखंड श्री हुजूर साहिबमुळे शीख धर्मीयांचे प्रमुख तीर्थस्थान आहे आणि शीख रहित मर्यादेत मादक पदार्थांना मनाई आहे. मतदानाद्वारे गावातील मद्यविक्री बंद करण्याची तरतूद राज्यात असून मतपत्रिकेवरील चिन्हांमुळे ती ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या नावाने ओळखली जाते. अशा चळवळींच्या अग्रभागी बहुधा महिला असतात.

बिअर हे ‘सौम्य’ पेय असल्याची समजूत सर्वत्र आढळते. वर दिलेल्या हिशेबानुसार स्ट्राँग बिअरच्या एका मोठ्या बाटलीबाबत ती खरी ठरत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये मद्यपेयांचा समावेश कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात केला. मद्यसेवनाची कोणतीही पातळी आरोग्यासाठी पूर्णपणे सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. हा निष्कर्ष क्राफ्ट व औद्योगिक अशा दोन्ही प्रकारच्या बिअरला सारखाच लागू होतो.

हे सुद्धा पहा

सातू
जायकवाडी प्रकल्प
महाराष्ट्रातील दारूबंदी
देवळाली