आधी बारगीर, मग शिलेदार

परवा रात्री जेवणं आटोपून बसले होते, तोच धाकट्याचा यॉर्कशायरहून फोन. "आई, तू इतिहासाची बाई ना? मग घोड्यांबद्दल काहीतरी सांग." आमच्या तिथल्या नातीला आता सहा पूर्ण होतील. वर्गातल्या दोघींकडे पोनी आहे, म्हणून हिलाही हवा. सूनबाईने एक जाहिरात हेरूनच ठेवली होती. चार वर्षांचा, सोनेरी अंगाचा, पांढऱ्या आयाळीचा तट्टू. फोटो पाहिला, दृष्ट लागावी असा आहे. "दोघं बरोबरच लहानाची मोठी होतील," असं सूनबाईचं म्हणणं. ऐकायला गोड आहे. माझ्या मात्र पोटात गोळा आला. का, ते पुढे येईलच.

चाळीसभर वर्षं खडूची पूड खाल्लेल्या माणसाला विषय मिळाला की राहवत नाही. दोन दिवस कपाटातली पुस्तकं काढून बसले. (ह्यांचं म्हणणं, घोडा घेणार ते आणि खरारा तू करतेस!)

पोनी म्हणजे घोड्याचं पिल्लू, असा आपल्याकडे बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. पोनी म्हणजे जातीनेच बुटका घोडा, आपलं तट्टू. इंग्रज लोक घोडा 'हातां'नी मोजतात. पण त्यांचा हात म्हणजे आपला कोपरापासूनचा हात नव्हे. पंजाची रुंदी, म्हणजे ४ इंच. अशा १४ हात आणि २ इंच उंचीपर्यंत पोनी, त्यावर घोडा, असा साधारण हिशेब.

त्यात लहान मुलांचा म्हणून जो ओळखला जातो तो शेटलंड बेटांवरचा तट्टू. स्कॉटलंडच्याही उत्तरेला, वाऱ्याने झोडपलेली बेटं, झाड म्हणून नाही. तिथे जेमतेम गवतावर जगून हा प्राणी बुटका, केसाळ आणि चिवट झाला. उंचीची मर्यादा ४२ इंच. आपल्या जेवणाच्या टेबलापेक्षा थोडा उंच, एवढाच. पण पोरांचा खेळगडी होण्याआधी त्याच्या नशिबी काय होतं, ते वाचून मी चष्मा काढून ठेवला. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणीत पूर्वी लहान मुलं राबत. १८४२ च्या कायद्याने बायकांना, मुलींना आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना खाणीत उतरवायला बंदी झाली. मग कोळशाच्या गाड्या ओढायच्या कुणी? बुटक्या बोगद्यात मावेल असं जनावर हवं होतं, ते शेटलंडला सापडलं. लॉर्ड लंडनडेरी यांच्या डरहॅमकडे खाणी होत्या. त्यांनी १८७० च्या सुमारास ब्रेसे आणि नॉस या बेटांवर मुद्दाम पैदास सुरू केली. हाडाने जाड आणि जमिनीला जितका जवळ तितका बरा, असा तट्टू त्यांना हवा होता. १८९० मध्ये या जातीची वंशावळ नोंदायला संस्था निघाली. म्हणजे आज ज्याच्या पाठीवर रिबिनी लावून मुली बसवतात, तो मुळात मुलांच्या जागी अंधारात गेलेला प्राणी! वर्गात हे सांगायला मिळालं असतं तर... असो.

राणी एलिझाबेथला तिच्या आजोबांनी, म्हणजे पंचम जॉर्जने, चौथ्या वर्षी दिलेला पहिला तट्टू शेटलंडच होता. त्या घोडीचं नाव पेगी. त्याच सुमाराला, १९२९ मध्ये, तिकडे मुलांसाठी पोनी क्लब निघाला. त्यानंतर सामान्य घरातल्या पोरींच्याही हातात लगाम आला.

आता आपल्याकडचं. भीमथडीची तट्टे हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. भीमेच्या काठची ही जनावरं उंचीने बेताची, पण दिवसचे दिवस चालणारी, मिळेल ते खाणारी. २०२४ च्या सुमारास भीमथडीला घोड्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाल्याची बातमी वाचून मला माहेरच्या कुणाला तरी पदक मिळाल्यासारखं वाटलं. ही जात आजवर टिकली ती मुख्यतः धनगरांमुळे. दिवाळीनंतर त्यांचे वाडे कोकणाकडे निघतात तेव्हा तट्टावर भांडीकुंडी, अंथरुणं, कोंबड्या, आणि त्या सगळ्याच्या वर एखादं दोन वर्षांचं पोर, पडू नये म्हणून बांधलेलं. ते तट्टू ना बुजत, ना उधळत. पोराच्या पहिल्या घोड्याची याहून कडक परीक्षा मला तरी माहीत नाही.

आमचं माहेरही भीमथडीचंच, दौंडकडचं. आजोबांकडे चंद्री नावाची घोडी होती. वय विसाच्या पुढे, पाठ मध्ये खचलेली, एक कान फाटका. आम्ही भावंडं तिच्या पोटाखालून आरपार जात असू. मला तिच्यावर बसायची परवानगी नव्हती (मुलीची जात!), पण दुपारी आजोबा झोपले की दादा मला पुढ्यात घेऊन विहिरीपर्यंत नेई. एकदा मी घसरले, तर चंद्री जिथल्या तिथे थांबली आणि मान वळवून बघत राहिली. मी उठून कपडे झटकेपर्यंत तिने पाऊल उचललं नाही.

१९५७ साली काका माळेगावच्या यात्रेतून नवा घोडा घेऊन आले. पंचकल्याणी! चारी पाय पांढरे, कपाळावर पट्टा, गळ्याशी देवमणाचा भोवरा. तीन-चार वर्षांचा असेल. सगळं गाव बघायला आलं. घरात एकाच वेळी दोन जनावरं कशाला, म्हणून आठवड्यात चंद्री विकली गेली. दादा तेव्हा दहा वर्षांचा. त्याला नव्या घोड्यावर बसवून मारुतीच्या देवळापर्यंत मिरवायचं ठरलं. कुणीतरी फटाक्याची लड लावली. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. उधळलेली टापांची धूळ, आईची किंकाळी, आणि रिकिबीत अडकलेला दादाचा पाय. हाडवैद्याने कोपर बसवलं, पण बरोबर बसलं नाही. दादाचा डावा हात आजही सरळ होत नाही. घोड्याचा दोष म्हणावा तर तोही पोरच होता. त्याने लड कधी ऐकलेली नव्हती, आणि दादाने उधळलेला घोडा कधी पाहिलेला नव्हता. दोघांपैकी एकाला तरी काही येत असायला हवं होतं. भोवरे सगळ्यांनी पाहिले, स्वभाव कुणी पाहिला नाही.

(दादा हा ब्लॉग वाचतो. दादा, रागावू नकोस, भाचरांना ही गोष्ट अर्धवटच माहीत होती.)

म्हणून लेकाला फोनवर सांगितलं, सोनेरी आयाळ विसर. पंधरा-वीस वर्षांचा, दोन-तीन पोरं शिकवून मोकळा झालेला तट्टू शोध. जुन्या मास्तरासारखा हवा. पोरगं चुकलं तर पाय न उचलणारा, आणि घंटा कधी होणार याकडे डोळा असलेला. वय कागदावर बघ, तिकडे घोड्यालाही पासपोर्ट असतो म्हणे. पण दातही बघ. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर साधारण दहाव्या वर्षी एक खाच उतरू लागते आणि विसाव्या वर्षी ती दातभर होते. धर्माच्या गाईचे दात बघू नयेत, पण विकतच्या घोड्याचे बघावेत! आणि पाय. झेनोफन नावाच्या ग्रीकाने सव्वादोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. त्याची सुरुवातच खरेदीत फसू नये कसं, इथून आहे. आणि सगळ्यात आधी तो खूर तपासायला लावतो. पाया कच्चा असेल तर वरची माडी काय कामाची, असा त्याचा मुद्दा. शेटलंडला तर हिरवंगार गवत मुबलक मिळालं की खुरांचाच आजार जडतो. गरिबीत वाढलेला जीव, श्रीमंती सोसत नाही.

लेक म्हणाला, "आई, सगळं खरं, पण एवढा म्हातारा घोडा विकत घ्यायचा?"

तेव्हा मला शिवाजी महाराजांची पागा आठवली. महाराजांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी आणि नाल यांची चिंता स्वाराच्या डोक्यावर नव्हती. शिलेदाराचा घोडा ही त्याची सारी दौलत, तो मेला तर माणूस बसलाच. महाराजांचा भर पागेवर होता. म्हटलं, "अरे, पोरीला आधी बारगीर कर. शिलेदारी पुढे बघू."

तिकडे तट्टू वापरायला देण्याची पद्धत आहेच, हे त्यालाच मग आठवलं. शेजारच्या गावातल्या एका बाईंची मुलगी मोठी झाली, तिचा तेवीस वर्षांचा शेटलंड मोकळा उभा होता. जनावर त्यांचंच, चारा आणि नालबंदाचा खर्च आमच्याकडे. सूनबाई दोन दिवस जरा गप्प होती. सोनेरी फोटो तिने अजून काढून टाकलेला नाही, असं लेक हळूच म्हणाला.

काल फोटो आला. काळपट, ढोलकं पोट, कपाळावरची झुलपं डोळ्यांवर. त्याच्यापुढे आमची नात, डोक्यावर भलंमोठं शिरस्त्राण घालून, चिमुकल्या हातात खुरातला चिखल काढायचा आकडा धरून वाकलेली. पहिले पंधरा दिवस बसायचं नाही, नुसती साफसफाई करायची, अशी त्या बाईंची अट आहे.

मी तो फोटो दादाला दाखवायला गेले. त्याने चष्मा लावला, उजव्या हाताने फोन डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "कान फाटका नाही ना गं याचा?"