यमू स्वतः बोलू लागली तेव्हा

मराठी कादंबरीतला पहिला निवेदक सगळं जाणणारा होता. १८५७ साली बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ आलं. नवऱ्याबरोबर प्रवासाला निघालेली यमुना ठिकठिकाणी विधवांचे हाल पाहते आणि निवेदक ते आपल्याला सांगतो. हाल खरेच, पण ते पुढे येतात ते सुधारणेचा मुद्दा पटवायला. पुढेही बरीच वर्षं कादंबरीकार कीर्तनकाराच्या थाटात गोष्ट थांबवून वाचकाशी चार शब्द बोलत असे.

१८९० साली हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं. त्यातून क्रमशः आलेल्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ची नायिकाही यमूच. फरक एवढाच की ही आपली हकिकत आपणच सांगते. एका घरंदाज पुणेरी बाईचा ‘मी’ लिहिणारा पुरुष ऐन पंचविशीतला! तसं पुरुषाने बाईच्या तोंडून बोलणं आपल्याकडे नवं नव्हतं. गौळणी रचणारे संत आणि लावण्या रचणारे शाहीर ते करतच आले होते. पण तिथे विरह नाहीतर शृंगार. माजघरातलं रोजचं बोलणं, सासुरवास, केशवपनाची धास्ती यांना असा लांब पल्ल्याचा आवाज मिळाला तो इथे.

हरिभाऊंची खरी करामत मला वेगळीच वाटते. या ‘मी’त दोन यमू आहेत. एक लहान, मोठ्यांच्या कुजबुजीतलं निम्मंच कळणारी. दुसरी सगळं भोगून लिहायला बसलेली. पोरीला जे उमगत नाही ते वाचकाला उमगतं, आणि त्याचा जीव तिच्याआधी धास्तावतो. सर्वज्ञ निवेदकाला हे जमवणं अवघड, कारण त्याला न कळल्याचं सोंगच करावं लागतं.

पुढे हरिभाऊंनी एका कादंबरीचं नावच ‘मी’ ठेवलं. त्यातला सांगणारा मात्र पुरुष. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात. दृष्टी तीन, पण भाषा तिघांचीही खांडेकरीच, हे स्पष्ट सांगायला हवं. ‘कोसला’तल्या (१९६३) पांडुरंग सांगवीकराची बोली मात्र त्याची स्वतःची आहे, अगदी यमूसारखी. तो घरावर, कॉलेजावर आणि स्वतःवरही तिरकस बोलत राहतो, आणि त्याचं कितपत खरं मानायचं हे वाचकालाच ठरवावं लागतं.